‘फास्ट’ शब्दाचे दोन अर्थ

सोलापुरात चादर विकत घेणारे गिऱ्हाईक दुकानदाराला एक प्रश्न हटकून विचारते : ‘रंग जाणार नाही ना?’ आणि दुकानदाराचे उत्तरही ठरलेले असते : ‘फास्ट कलर आहे.’ इंग्रजीचा गंध नसलेल्या रंगाऱ्यालाही या ‘फास्ट’चा अर्थ नेमका ठाऊक असतो. जो जात नाही, तो फास्ट. तोच शब्द रेल्वे स्थानकावर किंवा सरकारी कचेरीत उच्चारला की अर्थ उलटा होतो. तेथे जो झपाट्याने जातो, तो फास्ट. हे दोन अर्थ परस्परविरोधी भासले तरी ते एकाच मुळातून फुटलेले आहेत, आणि त्यांपैकी जुना अर्थ विसरल्यामुळे आपल्या सार्वजनिक कारभाराने फार मोठी किंमत मोजली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ घट्ट, पक्का, न हलणारा. गाढ झोपी गेलेल्या माणसाला इंग्रज आजही ‘फास्ट’ झोपला असे म्हणतो. घट्टपणातून जोर आणि जोरातून वेग, असा त्या अर्थाचा प्रवास झाला. ‘फास्ट ट्रॅक’ हा तर मुळात घोड्यांच्या शर्यतीतला शब्द. ज्या मैदानाची माती कोरडी आणि टणक असते, ज्यावर घोड्याचे पाऊल रुतत नाही, ते अमेरिकेत ‘फास्ट ट्रॅक’. म्हणजे हा गुण घोड्याचा नव्हे, जमिनीचा. आपण मात्र ‘द्रुतगती’ आणि ‘जलदगती’ असे प्रतिशब्द घडविले आणि त्यांत केवळ गती तेवढी उतरली. जमीन इंग्रजीतच राहिली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्याच वाट्याला आले. १९९१ साली वीजनिर्मितीचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाल्यावर केंद्र सरकारने आठ प्रकल्पांना ‘फास्ट ट्रॅक’ हे बिरुद बहाल केले. त्यांतच एन्‍रॉन कंपनीचा दाभोळचा प्रकल्प होता. जून १९९२ मध्ये कंपनीचे प्रतिनिधी आले आणि अवघ्या काही दिवसांत सामंजस्य करार झालाही. स्पर्धात्मक निविदा मागविल्या गेल्या नाहीत, कारण निविदांना वेळ लागतो. आयात केलेल्या द्रवरूप वायूवर चालणारी वीज महाग पडेल, या कारणास्तव जागतिक बँकेने १९९३ मध्ये कर्ज नाकारले. तरीही गाडी थांबली नाही. १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने करार रद्द केला, आणि पुढे फेरवाटाघाटी करून त्याच सरकारने तो पुन्हा जिवंत केला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली. २००१ मध्ये, ती परवडत नाही म्हणून, वीज मंडळाने घेणे थांबविले. त्याच वर्षअखेरीस मूळ कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत निघाली. अखेर २००५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांना पुढे करून नवी कंपनी उभारावी लागली. निविदेत जे दोन वर्षे वाचविले असतील, त्यांच्या मोबदल्यात तेरा वर्षे गेली. येथे ‘फास्ट ट्रॅक’ म्हणजे टणक जमीन नव्हती. जमीन तपासण्याची पायरीच गाळली होती.

अर्थात, विलंब हा काही सद्‌गुण नव्हे. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती वर्ष उलटल्यावर हाती पडते तेव्हा त्याने महाविद्यालय सोडलेले असते, हे आम्ही अध्यापक मंडळी जवळून पाहतो. विलंबाची झळ श्रीमंतापेक्षा गरिबालाच अधिक बसते. म्हणूनच अकराव्या वित्त आयोगाने २००० साली १,७३४ जलदगती न्यायालयांची योजना सुचविली, तेव्हा ती स्वागतार्ह वाटली. परंतु केंद्राचे साहाय्य ३१ मार्च २०११ रोजी संपले, आणि अनेक राज्यांत ही न्यायालये बंद पडली. तात्पुरत्या नेमणुका आणि मुदतीचे अनुदान यांवर न्यायदानाचा पाया रचता येत नाही. गती होती, पण ती ‘फास्ट कलर’ नव्हती. पहिल्याच धुण्यात गेली.

आमचे अर्थशास्त्रही या मोहातून सुटलेले नाही. रोस्टो यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात विकासाच्या अवस्था सांगताना ‘टेकऑफ’ हा वैमानिकांचा शब्द रूढ केला आणि भारताचे उड्डाण १९५२ च्या सुमारास सुरू झाल्याचे नोंदविले. पुढील तीन दशके आपला वाढीचा दर सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास रेंगाळला, हे सर्वश्रुत आहे. वास्तविक रोस्टो यांनी उड्डाणाआधी पूर्वतयारीची एक स्वतंत्र अवस्था सांगितली होती. विद्यार्थी परीक्षेत नेमकी तीच लिहावयास विसरतात, आणि राज्यकर्तेही. सोलापूरकरांना ही पूर्वतयारी पुस्तकातून शिकण्याची गरज पडली नाही. येथील विमानतळासाठी जून २०२३ मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झाले आणि गोव्याला पहिले नियमित विमान उडाले ते जून २०२५ मध्ये.

आता पुन्हा नव्या शब्दांची लाट आलेली आहे. ‘मिशन मोड’ आहे, ‘गतिशक्ती’ आहे. यांपैकी कोणताही शब्द एखाद्या प्रस्तावाला चिकटलेला दिसला की नागरिकाने अधिकाऱ्याला इतकेच विचारावे : यातील कोणती पायरी गाळली, आणि ती गाळण्याची जोखीम कोणाच्या माथी? हा प्रश्न विकासविरोधी नाही. भूसंपादनाची सुनावणी, पर्यावरणाचा दाखला, निविदांची तुलना या पायऱ्यांत वेळकाढूपणा शिरला असेल तर अधिक माणसे नेमून, अधिक कागद खुले करून तो दूर करता येतो. पायरीच काढून टाकली तर पुढचा माणूस पडतो.

फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या स्थानकावरून मुंबईला ‘वंदे भारत’ धावते. ही गाडी ताशी १६० किलोमीटर धावू शकते, असे तिच्याविषयी सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. सोलापूर ते मुंबई हे सुमारे साडेचारशे किलोमीटरचे अंतर ती साधारण साडेसहा तासांत कापते; म्हणजे सरासरी वेग ताशी सत्तरच्या आसपास. मधे घाट आहे, वळणे आहेत, आणि त्याच रुळांवरून पुढे चाललेल्या इतर गाड्या आहेत.