सफदरच्या फोटोला हार घालण्याआधी

हल्ली पथनाट्य म्हणजे एकसारखे टी-शर्ट, एक डफ, मागे प्रायोजकाचा फलक आणि शेवटी 'झाडे लावा'. मागे अशाच एका स्पर्धेत आमच्या शाळेच्या मुलींनी एक प्रश्न घेतला होता : वस्तीत टँकर कोणामुळे येत नाही? संयोजक म्हणाले, 'मॅडम, विषय जरा सकारात्मक ठेवा.' मंचावर फोटो होता सफदर हाश्मींचा. त्याला हारही होता!

या फोटोतल्या माणसाने काय केले होते? दिल्लीचा, इंग्रजीत एम.ए., प्राध्यापकी केलेला हा तरुण १९७३ साली स्थापन झालेल्या जन नाट्य मंचाच्या संस्थापकांपैकी एक. १९७८ चे 'मशीन' हे त्यांचे नाटक जेमतेम १३ मिनिटांचे. त्यामागची घटना अशी : एका कारखान्यातल्या कामगारांनी सायकली लावायला जागा आणि चहापाण्यासाठी कँटीन मागितले, आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. आता यात 'सकारात्मक' काय शोधायचे?

आपल्यातल्या काहींना सफदर 'नामवंत मुस्लिमां'च्या यादीत हवे असतात. घाला की! पण त्यांच्याच मंचाचे 'औरत' आपल्या मोहल्ल्याच्या चौकात, जुम्याच्या नमाजनंतर, करू द्याल का? आपल्याच मुली त्यात उभ्या राहिल्या तर? नाव आपले म्हणायचे आणि नाटक मात्र परके, हा कुठला हिशोब? दुसरीकडे, मुलांसाठी त्यांनी लिहिलेली पुस्तकांवरची कविता शाळाशाळांतून म्हणून घेतली जाते. कवी कसा मेला, हे मात्र वर्गात कोणी सांगत नाही.

१ जानेवारी १९८९. साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये कामगारांसमोर 'हल्ला बोल' चालू असताना हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी सफदर गेले. वय ३४. ४ जानेवारीला पत्नी मलयश्री आणि मंचाचे साथीदार त्याच जागी परतले आणि अर्धवट राहिलेले नाटक त्यांनी पूर्ण केले. इद्दत, सुतक, लोक काय म्हणतील, सगळे बाजूला राहिले. मला विचाराल तर वारसा तो. न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवायला २००३ उजाडले.

त्याच हल्ल्यात राम बहादुर नावाचा एक नेपाळी कामगारही मारला गेला. त्याचा फोटो मला आजवर एकाही मंचावर दिसलेला नाही.