पहिला नंबर हातचा सोडावा का?

आयपीएलचा लिलाव आला की जळगाव-धुळ्याच्या आमच्या ग्रुपवर एकच वाद: एका स्टारवर पैसे ओतायचे की चार चांगले घ्यायचे? २०२४ च्या लिलावात लखनौने १२० कोटींच्या पर्समधले २७ कोटी एकट्या ऋषभ पंतवर लावले. २०२५ मध्ये टीम सातवी आली.

अमेरिकेच्या एनएफएल फुटबॉलमध्ये लिलावाऐवजी ड्राफ्ट असतो. टीमने आपल्या नंबरावर नवा खेळाडू निवडायचा, आणि हा नंबर विकताही येतो. मार्च २०२३ मध्ये शिकागो बेअर्सने पहिला नंबर कॅरोलिना पँथर्सला दिला. बदल्यात ९वा आणि ६१वा नंबर, कॅरोलिनाची २०२४ ची पहिल्या व २०२५ ची दुसऱ्या फेरीतली निवड, शिवाय डीजे मूर हा खेळाडू. त्या सीझनला कॅरोलिना १७ पैकी २ सामने जिंकली. म्हणजे २०२४ चा पहिला नंबर पुन्हा शिकागोकडेच!

नशीब? थोडं आहेच. पण नवा पोरगा चालेल का, हे आधी कुणालाच नक्की कळत नाही. धुळ्याचे माझे मामा कापूस दोन-तीन टप्प्यांत विकतात, तोच हिशोब: एका डावापेक्षा जास्त संधी बऱ्या.

एक अट मात्र आहे. शिकागोकडे तेव्हा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स होता, म्हणून परवडलं. मुख्य जागाच रिकामी असेल आणि खेळाडूवर खात्री असेल, तर मी नंबर सोडणार नाही. तुम्ही?