संग्रहालयाची पायरी

एखाद्या कुटुंबाने रविवारी सकाळी संग्रहालय पाहावयाचे ठरविले, तर त्यास फारसा विचार करावा लागत नाही. ते किती वाजता उघडते व तिकीट केवढ्याचे आहे, एवढे कळले की निघता येते. त्याच कुटुंबात चाकांच्या खुर्चीवर बसणारी आजी किंवा दृष्टिहीन मुलगा असेल, तर मात्र प्रश्नांची मालिकाच उभी राहते. दाराशी पायऱ्या किती? लिफ्ट आहे काय, आणि असल्यास ती चालू आहे काय? खुर्ची आत वळेल एवढे स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे? रिक्षा फाटकाच्या आत सोडतात, की रस्त्यावरच उतरवितात? याची उत्तरे घरबसल्या मिळाली नाहीत, की आजीस घरी ठेवून इतर मंडळी जातात, नाहीतर कोणीच जात नाही. मग संग्रहालयाचे चालक सांगावयास मोकळे होतात, की अपंग प्रेक्षक आमच्याकडे फिरकतच नाहीत. त्यांच्यासाठी खर्च कोणासाठी करावयाचा? दारास आतून कडी घालावयाची व बाहेर कोणी नाही म्हणून हिशेब मांडावयाचा, अशातला हा प्रकार आहे.

२०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रातील अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार दाखविली होती. गुडघे धरलेले, छातीत धाप भरणारे, चाळिशीच्या चष्म्यानेही बारीक अक्षर न दिसणारे वृद्ध या संख्येत बहुतांशी नाहीत. त्यांची गणती प्रत्येक वाचकाने स्वत:च्या घरात करावी.

या बाबतीत कायद्याने काही संदिग्धता ठेवलेली नाही. संसदेने २०१६ मध्ये संमत केलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवनातील सहभागाचा स्वतंत्र उल्लेख आहे. तर ४५ व्या कलमाने अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती, नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांच्या आत, अपंगांस वावरता येईल अशा करण्याचे बंधन घातले. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच सरली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ पासून चालविलेल्या याचिकेत, या नियमांपैकी पंधराव्या नियमाचा एक भाग मूळ अधिनियमाशी विसंगत म्हणून रद्द ठरविला. कारण असे, की अधिनियमाने जे सक्तीचे केले, ते नियमाने नुसत्या शिफारशीवर आणून सोडले होते. मधल्या काळात ‘अपंग’ हा शब्द मागे पडून ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारदरबारी रूढ झाला. नामकरणास वीट-सिमेंट लागत नाही, त्यामुळे ते वेळेवर पार पडले.

आता उतरणीचा विचार करू. कित्येक इमारतींच्या दाराशी हल्ली सिमेंटचा एक उतार ओतलेला दिसतो आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानले जाते. परंतु उताराचे गणित शाळकरी मुलासही करता येण्याजोगे आहे. एक फूट उंची चढावयाची, तर उतार निदान बारा फूट लांब हवा. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांची उंची दीड फूट. तेव्हा उतार अठरा फुटांचा पाहिजे, शिवाय वरच्या टोकास खुर्ची थांबेल एवढी सपाट जागा पाहिजे आणि दोन्ही बाजूंस कठडा पाहिजे. पाच-सहा फुटांत उरकलेल्या उतारावरून खुर्ची ढकलणे म्हणजे बसणाऱ्याच्या आणि ढकलणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. दरवाजा नऊशे मिलिमीटर मोकळा हवा; त्यात उंच उंबरठा असला, की पुढचे सारेच व्यर्थ. हे सर्व ज्याने स्वत: खुर्चीतून प्रवास केला आहे, त्यास एका फेरीत कळते. आराखडा मंजूर करण्यापूर्वी अशा एखाद्या व्यक्तीस बोलावून तिच्या सांगण्याप्रमाणे फेरी मारावी, एवढे सुचण्यास तज्ज्ञ समितीची आवश्यकता आहे असे आम्हांस वाटत नाही.

जुन्या वास्तूस हात लावता येत नाही, अशी सबब नेहमी पुढे केली जाते. वारसा वास्तूंची काळजी आम्हांसही आहे. परंतु मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये लोकांस खुले होण्यापूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत, हीच इमारत लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली होती. घुमटाच्या त्या भव्य इमारतीत जखमी सैनिकांची सोय लावता आली. गरज मान्य झाली, की दगडी वास्तूही वाट काढून देतात. मूळ बांधकामास धक्का न लावणारे, पाहिजे तेव्हा काढून घेता येणारे लाकडी अथवा लोखंडी उतार आज जगभर वापरले जातात. जेथे वरचा मजला खरोखरीच अप्राप्य आहे, तेथे त्या मजल्यावरील निवडक वस्तू काही महिन्यांसाठी तळमजल्यावर आणाव्या. वस्तूंना पायऱ्या उतरण्याची अडचण नसते.

पायऱ्यांचा प्रश्न सुटला, तरी दृष्टिहीन प्रेक्षकाचा प्रश्न उरतोच. त्याच्या दृष्टीने काचेचे कपाट आणि विटांची भिंत यांत काही अंतर नाही. ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी आवश्यक आहे, यात शंका नाही. घामाने धातू काळवंडतो, वस्त्र झिजते. म्हणूनच इतर देशांनी त्यातून मार्ग काढला. माद्रिद येथे अंधांच्या संघटनेने १९९२ मध्ये संपूर्ण संग्रहालयच स्पर्शासाठी उभारले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९७२ पासून स्पर्शफेऱ्या होत आहेत. आपल्याकडेही दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने ‘अनुभव’ नावाचे स्पर्शदालन उघडून प्रतिकृती मांडल्या. तेव्हा हे भारतात अशक्य आहे, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

आणि पुण्यासारखे भाग्य तर फार थोड्या शहरांच्या वाट्यास आले असेल. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या राजाच्या स्मृत्यर्थ जमविलेला सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह शुक्रवार पेठेत आहे. त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, कुलुपे आहेत, भांडी आहेत, वाद्ये आहेत. या वस्तू मुळातच हातांसाठी घडविलेल्या. अडकित्त्याची मूठ कारागिराने मोराच्या आकाराची का केली, हे काचेबाहेरून पाहणाऱ्या डोळस माणसापेक्षा तो मुठीत धरणाऱ्या अंध मुलास अधिक कळेल. तांबटांची परंपरा या शहरात अद्याप टिकून आहे. त्यांच्याकडून व इतर कारागिरांकडून वीस-पंचवीस निवडक वस्तूंच्या प्रतिकृती घडवून घेणे हे शासनास जड जाणारे काम खचित नव्हे. सोबत ब्रेल लिपीतील माहिती असावीच. पण उतारवयात दृष्टी गेलेल्यांपैकी अनेकांस ब्रेल वाचता येत नाही, म्हणून समजावून सांगणारा माणूस किंवा ध्वनिमुद्रित निवेदन अधिक महत्त्वाचे. बधिरांसाठी नेमके उलट: महिन्यातून एक दिवस तरी खुणांच्या भाषेचा जाणकार हजर हवा, आणि चित्रफितींखाली मराठी अक्षरे हवीत. गर्दी व गोंगाट ज्यांना सोसत नाही, अशा मुलांसाठी सकाळचा एखादा शांत तास राखावा.

यांपैकी काही कामांस पैसा लागेल, काहींस वेळ. पण एक काम आजच्या आज होण्याजोगे आहे. शहरातील प्रत्येक संग्रहालयाने एका पानाचे माहितीपत्रक काढावे. पायऱ्या किती, दाराची रुंदी किती, लिफ्ट कोठवर जाते, स्वच्छतागृह कोठे, बाक कोठे, खुर्ची मागितल्यास मिळते काय, सोबत्यास तिकीट पडते काय, आणि दूरध्वनीवर कोणाशी बोलावयाचे. जे नाही, ते नाही म्हणून लिहावे. ‘सर्व सोयी उपलब्ध’ या मोघम वाक्यापेक्षा ‘वरच्या मजल्यावर खुर्ची जात नाही’ हे स्पष्ट वाक्य आजीच्या अधिक उपयोगी पडेल. दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतात. कुबड्या घेणारा विद्यार्थी खाली बाकावर बसून राहणार, की वर्गाबरोबर आत जाणार, हे शिक्षकास सहलीच्या आदल्या आठवड्यात ठरविता यावे, यासाठी हे पत्रक दिवाळीपूर्वी प्रत्येक शाळेच्या हाती पडले पाहिजे.