‘टाइमपास’ची पिढी आणि विरंगुळ्याचा विसर

आखाजी हा खान्देशाचा वर्षाचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराईची गाणी सुरू होतात. अशा दिवशी धुळ्याच्या देवपुरातून किंवा जळगावच्या एखाद्या नव्या वसाहतीतून आजोळी आलेल्या नातवाला आजी विचारते, “सुटीमा काय करस रे भाऊ?” नातू उत्तरतो, “टीव्ही, मूव्ही, गेम्स... टाइमपास!” आजी हसते आणि गप्प होते. पुढे काय विचारावे, ते तिला सुचत नाही. मुलाचे इंग्रजी ऐकून आईवडिलांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरते. हे चित्र एखाद्याच घरचे नाही, आणि त्यातील समाधानाइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही.

महाराष्ट्र शासनाने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्या वर्षी पहिलीत बसलेल्या मुलांनी आज तिशी ओलांडली असून त्यांची मुले शाळेत जाऊ लागली आहेत. म्हणजे या प्रयोगाचे मोल मापण्यास एक पिढी पुरेशी झाली. इंग्रजीस विरोध करण्याचे कारण नाही. रावेर-यावलची केळी आखाती देशांत पाठविणाऱ्या व्यापाऱ्याला करार वाचता आला पाहिजे, शेतकऱ्याच्या मुलाला अभियांत्रिकीचा ग्रंथ उलगडला पाहिजे. परंतु घरोघर जे शिकविले जात आहे, ते हे इंग्रजी आहे काय? ‘माझा छंद’, ‘माझा आवडता कार्यक्रम’, ‘मी रविवार कसा घालवतो’ असे ठरीव विषय, त्यांसाठी पाठ केलेली पंधरा-वीस नामे आणि त्या नामांना जोडलेली मराठी क्रियापदे! ‘मूव्ही पाहिला’, ‘एंजॉय केले’, ‘बोअर झाले’. करारातील एक वाक्य समजण्यास या शब्दांचा उपयोग नाही. घरातील तितकेच मराठी शब्द मात्र त्यांनी हुसकून लावले आहेत.

इंग्रजीही नव्हे, मराठीही नव्हे

ज्या शब्दांचा एवढा अभिमान, ते तरी खरे इंग्रजी आहेत काय? ‘टाइमपास’ हा शब्द इंग्रजांचा नव्हे. तो येथेच जन्मलेला असून लंडनमधील माणसाला तो समजावून सांगावा लागेल. खान्देशात तालुक्याच्या गावी चित्रपटगृहाला ‘टॉकीज’ म्हणण्याची पद्धत पडली. मूळ इंग्रजीत तो शब्द बोलपटांचा आहे, इमारतीचा नव्हे. दूरदर्शनवरील मालिकेला घरोघर ‘सिरियल’ म्हणतात. अमेरिकेत तो शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी न्याहारीचा वाडगा येतो. म्हणजे ज्या इंग्रजीसाठी मराठीवर पाणी सोडले, ती इंग्रजीही पुढे नव्याने शिकावी लागते आणि आधी शिकलेली विसरावी लागते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी ही गत आहे.

हानी केवळ शब्दांची असती, तर एवढा खेद न वाटता. पण शब्दामागे समाजाचा विवेक उभा असतो. ‘हॉबी’ या एका शब्दाखाली आज जे दडपले गेले, त्यासाठी मराठीत किती छटा आहेत! मनाला आनंद देतो तो छंद. घरादाराचे भान हरपवितो तो नाद. वर्षानुवर्षे चिकाटीने केला जातो तो व्यासंग. आणि माणसालाच गिळून टाकते ते व्यसन. मुलगा रात्री बारापर्यंत पडद्याला डोळे लावून बसला, तर मराठी आई म्हणेल, “याला नाद लागला.” त्या एका शब्दात निदान आहे आणि इशाराही आहे. ‘टीव्ही पाहणे ही त्याची हॉबी आहे’ असे म्हटले, की निदान संपले आणि दोषाला प्रतिष्ठा मिळाली.

‘विरंगुळा’ हा शब्द तर अधिकच अर्थपूर्ण आहे. श्रमलेल्या, शिणलेल्या जीवाला विरंगुळा लागतो. आधी काम, मग विसावा, हा क्रम त्या शब्दातच गृहीत आहे. ‘टाइमपास’मध्ये काळ हे एक ओझे आहे आणि ते कसेबसे ढकलायचे आहे. ज्या खान्देशात श्रावणात कानबाईची स्थापना होते, रात्रभर गाणी म्हणत जागर होतो, तेथील बाईने ‘वेळ कसा जात नाही’ अशी तक्रार कधी केली नाही. तिचा विरंगुळा देवाशी, शेताशी आणि शेजारणीशी जोडलेला होता. ती गाणारी होती. तिची नात केवळ पाहणारी झाली आहे. गाणारा समाज पाहणारा होतो, तेव्हा तो आपोआप ग्राहक होतो, आणि ग्राहकाची भाषा बाजार ठरवितो.

याच भूमीने दिलेला धडा

या प्रवाहाविरुद्ध पोहता येते, याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक, मध्यंतर, वेशभूषा असे कितीतरी शब्द त्यांनी घडविले वा रूढ केले. त्या काळी चित्रपटसृष्टी नवी होती, तिचे सारे तंत्र परदेशातून आले होते, आणि तरीही तिच्यासाठी मराठी शब्द उभे राहिले. त्या वेळी विद्वानांनीही त्यांची थट्टा केली. आज त्या थट्टेखोरांची वाक्ये कोणाला आठवत नाहीत, आणि ‘दिग्दर्शक’ म्हणताना तो शब्द घडविलेला आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही.

खान्देशाचा तर या चळवळीशी निकटचा संबंध आहे. १९३६ साली जळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कवी माधव जूलियन होते. ते फारसीचे प्राध्यापक आणि फार्सी-मराठी कोशाचे कर्ते. त्यांच्या आरंभीच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती. तेच पुढे सावरकरांच्या विचाराने भाषाशुद्धीकडे वळले आणि ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिते झाले. परभाषेच्या द्वेषातून नव्हे, तर परभाषेच्या सखोल ज्ञानातून त्यांना स्वभाषेचे मोल कळले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या या पुरुषाने प्लेटोचा ग्रंथ मराठीत आणला आणि स्वतःचे संशोधन मराठीत लिहिण्याचे व्रत पाळले. ज्यांना परभाषा खरोखर येते, त्यांना ती मिरवावी लागत नाही. मिरवतो तो अर्धवट शिकलेला.

‘मग टेबलाला आणि स्टेशनलाही शब्द शोधायचे काय?’ असा उपहास नेहमी होतो. तो निरर्थक आहे. जी वस्तू नव्याने आली आणि जिचे नाव भाषेत मुरले, ते नाव आता मराठीच आहे. प्रश्न मुरलेल्या शब्दांचा नाही, घरात शब्द असताना शेजाऱ्याकडे हात पसरण्याचा आहे. चित्रपट, मालिका, सुट्टी, छंद, कंटाळा यांत कोणता शब्द अवघड आहे? यांतील एकही शब्द कोशात शोधावा लागत नाही.

आरसा आपल्याच घरात

या संदर्भात दोष केवळ शासनाला वा दूरचित्रवाहिन्यांना देणे सोयीचे, पण अप्रामाणिक ठरेल. संघाच्या आज्ञाही आरंभी इंग्रजी वळणाच्या होत्या. १९३९ च्या सिंदी येथील बैठकीनंतर त्या संस्कृतात आल्या. ज्या कार्यकर्त्याला संघस्थानावर ‘दक्ष’ आणि ‘आरम्’ सहज जमते, त्याच्याच घरी संध्याकाळी ‘मूव्ही’ आणि ‘वीकेंड’ नांदत असतील, तर संस्कार मैदानावरच राहिला, घरापर्यंत आला नाही, असे म्हणावे लागेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आनंदोत्सव झाले. पण दर्जा दिल्लीहून मिळतो. भाषा मात्र जेवणाच्या पाटावर जगते किंवा मरते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आहे. शाळा तो कधी व कसा पाळतील, याची वाट पाहण्याचे कारण नाही. घराला आजच आरंभ करता येईल. मुलाच्या वहीत प्रत्येक नव्या इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्द आणि त्यापुढे अहिराणी वा लेवा बोलीतील शब्द लिहून घ्यावा. तिसऱ्या रकान्यासाठी मुलाला आजीकडे जावेच लागेल, आणि या उपायाचा खरा लाभ तोच आहे. शिक्षकाने ‘हॉबी’वर निबंध मागितला, तर मुलाने आखाजीच्या झोक्यावर, कानबाईच्या जागरावर लिहावे, आणि तेही शुद्ध, पूर्ण वाक्यांच्या इंग्रजीत. इंग्रजी अशीच येते. सांगण्यासारखे काही असले, म्हणजे भाषा शिकावीशी वाटते.

बहिणाबाई चौधरी अक्षरशत्रू होत्या. जळगावजवळच्या शेतात आणि जात्यावर, काम करता करता, त्यांनी आपल्या बोलीत काव्य रचले. आज खान्देशाचे विद्यापीठ त्यांचे नाव मिरविते. त्या विद्यापीठात जाणाऱ्या मुलाला आपल्या आजीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या भाषेत देता येऊ नये, ही गोष्ट शोभा देणारी नाही. पुढच्या आखाजीला आजी पुन्हा विचारील, “सुटीमा काय करस रे भाऊ?” तिला काय उत्तर मिळावे, हे प्रत्येक घराने आताच ठरवावयाचे आहे.