पहिला बार कोणाचा?

'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांचे वाद कानावर पडले की शहाणीसुरती माणसं हटकून म्हणतात, मुलांच्या करमणुकीसाठी काढलेल्या सिनेमात एवढं काय खणायचं? या आक्षेपाला खुद्द 'स्टार वॉर्स'चे कर्ते जॉर्ज लुकास यांचा आधार आहे. हे चित्रपट बारा वर्षांच्या मुलांसाठी आहेत, असं त्यांनी २०१७ मध्ये ऑरलँडोला भरलेल्या चाहत्यांच्या मेळाव्यात सांगितलं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. गोष्टीचा हिशोब मुलांइतका चोख कोणीच ठेवत नाही. कालच्या गोष्टीतला राक्षस डाव्या डोळ्यानं आंधळा होता, आज उजव्या कसा झाला, हे आजीला विचारणारं लहान मूलच असतं. मुलांसाठी आहे म्हणून गोष्ट कशीही सांगितली तरी चालते, असं मानण्यात त्या मुलांचा अपमान आहे.

सगळ्यात गाजलेला वाद घेऊ. टॅटुइन ग्रहावरच्या मॉस आयझली बंदरातला गुत्ता. हान सोलो तस्कर आहे आणि जब्बा या गुंडाचे पैसे त्याच्याकडे थकले आहेत. इनामासाठी माणसं पकडणारा ग्रीडो त्याच्यावर शस्त्र रोखून समोर बसला आहे. १९७७ च्या मे महिन्यात प्रेक्षकांनी पाहिलं ते असं: हान बोलण्यात वेळ काढतो, टेबलाखाली हळूच आपलं ब्लास्टर मोकळं करतो आणि ग्रीडोला तिथल्या तिथे ठार करतो. ग्रीडोला चाप ओढायला सवडच मिळत नाही. १९९७ च्या विशेष आवृत्तीत मात्र ग्रीडो आधी बार काढतो, हाताच्या अंतरावरून त्याचा नेम चुकतो आणि मग हान त्याला मारतो. २००४ च्या डीव्हीडीत दोघांचे बार जवळजवळ एकाच क्षणी उडतात. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर आलेल्या प्रतीत ग्रीडोच्या तोंडी 'मॅक्लंकी' हा नवाच शब्द आला. एका छोट्याशा प्रसंगाचे हे चार पाठ.

बार आधी कोणाचा, यानं काय बिघडतं? हान सोलो बिघडतो. हा माणूस पुढे मोबदला खिशात घालून, डेथ स्टारवरच्या लढाईच्या तोंडावर, मित्रांना सोडून निघून जातो आणि अगदी शेवटच्या घटकेला परत येतो. त्या परतण्याचं मोल तो कुठून निघाला होता यावर ठरतं. गुत्त्यात स्वतःच्या जिवापलीकडे काहीही न मानणारा माणूस कथानायक ल्यूकसाठी परत फिरला, तर ती मोठी घटना आहे. पहिल्यापासूनच नाइलाजानं शस्त्र उचलणारा सज्जन परतला, तर त्यात नवल कसलं? बदलाचं कारण लुकास यांनी २०१५ च्या एका मुलाखतीत दिलं: पुढे राजकन्या लेयाशी लग्न करणारा माणूस थंड डोक्यानं खून करणारा असावा का, असा प्रश्न त्यांना पडला होता. म्हणजे हा प्रश्न हानच्या स्वभावाचा आहे, हे त्यांनाही मान्य आहे. चाहते वेगळं काय म्हणत होते?

दुसरा पूर्वपक्ष अधिक वजनदार आहे. ज्यानं गोष्ट रचली त्याचा शब्द अखेरचा, असं तो म्हणतो. हेही मला मान्य नाही, आणि याच प्रसंगामुळे नाही. ग्रीडोनंच आधी बार काढला असं आपल्या मनात सुरुवातीपासून होतं, प्रेक्षकांचा समज चुकला, असं लुकास २०१२ मध्ये म्हणाले. पण कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९७६ च्या पटकथेची एक प्रत निघाली. ती २०१५ मध्ये लोकांसमोर आली, आणि तिच्यात बार एकट्या हानचाच आहे. लेखकाची आठवण आणि लेखकाचं लिखाण यांत तफावत पडली तर लिखाण ग्राह्य धरावं लागतं. मनात काय होतं, याचा पुरावा पडद्यावर नसेल तर तो प्रेक्षकावर बंधनकारक नाही.

शिवाय हेच लुकास १९८८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेससमोर साक्ष द्यायला गेले होते. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना मालक लोक रंग चढवत होते, त्याविरुद्ध ते तळमळीनं बोलले. कलाकृती हा समाजाचा वारसा आहे, हक्क विकत घेतले म्हणून तिच्यात फेरफार करता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मी तो शब्दशः मानतो आणि म्हणूनच त्यांच्या पुढच्या वागण्याविरुद्ध उभा आहे. मूळ रूप त्यांनी २००६ मध्ये डीव्हीडीच्या जोडतबकडीवर दिलं खरं, पण तेही जुन्या लेझरडिस्कसाठी केलेल्या, कमी प्रतीच्या चित्रमुद्रणावरून. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा बाजूला ठेवलेले पाठही तळटिपांत आणि परिशिष्टांत जपले. नवा पाठ जरूर द्यावा, पण आधीचा बुजवू नये.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. कथेतली प्रत्येक फट बुजलीच पाहिजे, असा काही चाहत्यांचा हट्ट असतो. 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये (१९८३) ल्यूक लेयाला तिच्या खऱ्या आईबद्दल विचारतो. ती सांगते, आई मी फार लहान असताना गेली, पुसटसं आठवतं, ती सुंदर होती, मायाळू होती, पण दुःखी होती. 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये (२००५) त्यांची आई पद्मे या जुळ्यांना जन्म देताच मरते. मग लेयाला आठवलं काय? दत्तक आई आठवली असेल, असं कोणी म्हणतं. पण ल्यूकनं खऱ्या आईबद्दल असं स्पष्ट विचारलं होतं. 'फोर्स' या गूढ शक्तीच्या बळावर आठवलं म्हणावं, तर त्याच क्षणी जन्मलेला, तेवढ्याच बळाचा ल्यूक मला आईची काहीच आठवण नाही असं का सांगतो? नंतरचा चित्रपट आधीच्याशी जुळत नाही, हेच खरं उत्तर आहे आणि ते द्यायला कचरू नये.

डेथ स्टारच्या झरोक्याचंही तसंच. चंद्राएवढ्या युद्धयंत्राला दोन मीटर रुंदीचं, थेट गाभ्यापर्यंत जाणारं तोंड का ठेवलं, हा प्रश्न जवळजवळ चाळीस वर्षं विचारला गेला आणि २०१६ च्या 'रोग वन'नं उत्तर दिलं की गेलन अर्सो या अभियंत्यानं यंत्रात मुद्दाम दोष पेरला होता. ते उत्तर हृद्य आहे. पण बंडखोरांचा जनरल डोडोना १९७७ मध्येच सांगून गेला होता की एका माणसाच्या लहानशा विमानापासून साम्राज्याला धोका वाटलाच नाही. सत्तेला लहान माणूस दिसत नाही, हे उत्तर मला अधिक खोल वाटतं, आणि नव्या ठिगळाखाली ते झाकलं जातं.

या वादांच्या नावाखाली माणसांना छळलं जातं, हा आक्षेप मात्र खरा आहे. केली मारी ट्रॅन या 'स्टार वॉर्स'मधल्या अभिनेत्रीला २०१८ मध्ये वंशद्वेषी शिवीगाळीमुळे इन्स्टाग्रामवरच्या आपल्या साऱ्या नोंदी काढाव्या लागल्या. तो वाद नव्हे. वादाला प्रतिपक्षाचं म्हणणं नीट मांडावं लागतं, पुरावा द्यावा लागतो. नटीला शिव्या घालणाऱ्यांनी यातलं काहीच केलेलं नाही, आणि चाहत्यांनीच त्यांना आपल्यातून बाहेर काढलं पाहिजे.

आणि मला सर्वांत प्रिय असलेला प्रश्न: ल्यूकचा गुरू ओबी-वान खोटं बोलला का? खलनायक व्हेडरनं तुझ्या बापाला मारलं, असं तो १९७७ मध्ये ल्यूकला सांगतो. १९८० च्या दुसऱ्या चित्रपटात व्हेडरच बाप निघतो. ली ब्रॅकेट यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या त्या दुसऱ्या चित्रपटाच्या पहिल्या खर्ड्यात ल्यूकचा बाप व्हेडरपेक्षा निराळा आहे, त्याचा आत्मा येऊन मुलाला भेटतो. म्हणजे बेत मागाहून बदलला. एवढं कळल्यावर काही लोक वाद मिटला म्हणतात. माझ्या मते खरा वाद इथे सुरू होतो, कारण १९८३ च्या चित्रपटानं ती विसंगती लपवली नाही, ती ओबी-वानच्या पदरात घातली. एका दृष्टीनं पाहिलं तर मी खरंच बोललो, अशी सारवासारव तो करतो. बापाला मी मारू शकणार नाही, असं ल्यूक म्हणतो, तेव्हा मग सम्राट जिंकलाच, असं त्याला ऐकवतो. माझा निवाडा ओबी-वानच्या विरुद्ध आहे. त्यानं मुलाला त्याचं नातं न सांगता हत्येसाठी तयार केलं, आणि साक्ष खुद्द चित्रपटाची आहे: ल्यूक गुरूचं न ऐकता शस्त्र फेकून देतो, आणि नेमकं त्यामुळेच व्हेडर सम्राटाला उचलून खोल विवरात टाकतो.