अभ्यासकांच्या छायाचित्र-संग्रहांसाठी मागणीपत्र

प्रति,
महासंचालक, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण;
संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य;
राज्यातील सर्व विद्यापीठांचे कुलगुरू

विषय : लेणी, शिल्पे व भित्तिचित्रे यांच्या अभ्यासकांनी काढलेली छायाचित्रे वेळीच ताब्यात घेऊन जतन करण्याबाबत

महोदय,

आमच्या संघटनेत लेणी-अभ्यासक आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, अजिंठा-वेरूळचे गाइड आणि छायाचित्रकारही आहेत. आम्हा सर्वांचे म्हणणे एकच आहे : अभ्यासकाचा फोटोसंग्रह हा त्याच्या घरचा खासगी ठेवा समजू नये. तो त्या वास्तूचा पुरावा आहे, आणि तो अभ्यासक हयात असतानाच घ्यायला हवा.

अजिंठ्याचेच पाहा. रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून तिथे राहून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ लंडनमध्येच जळाल्या. पुढे निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी रंग पक्के करायला वापरलेले शेलॅक कालांतराने पिवळे पडले. भिंत बदलतच राहते. अमुक साली ती कशी होती, हे तारखेसकट असलेला फोटोच सांगू शकतो.

चोरीच्या प्रकरणांत तर फोटोवाचून पाऊलही पुढे पडत नाही. तामिळनाडूतील श्रीपुरंथनचा चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने 2008 मध्ये विकत घेतला आणि 2014 मध्ये भारताला परत केला. मूर्ती मूळ देवळात असतानाचा फोटो पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात होता. नालंदाच्या संग्रहालयातून 1961 मध्ये चोरीला गेलेली कांस्य बुद्धमूर्ती 2018 मध्ये लंडनहून परत आली, तीही जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर. उद्ध्वस्त झालेल्या शिल्पांचेही तेच. बामियानचे बुद्ध 2001 मध्ये उडवले गेले, तेव्हा झुरिकच्या अभ्यासकांनी मोठ्या बुद्धाची त्रिमिती प्रतिमा उभी केली ती 1970 साली ऑस्ट्रियाच्या एका प्राध्यापकाने मोजमापासाठी काढलेल्या फोटोंवरून.

अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठातील जॉन व सुझन हंटिंग्टन या प्राध्यापक दांपत्याने बौद्ध व आशियाई कलेचा छायाचित्र-संग्रह उभा केला. त्यात जवळपास 3 लाख छायाचित्रे असून आपल्या लेण्यांचीही आहेत. जे तिथे होऊ शकले, ते इथे का होऊ नये? इथल्या अभ्यासकांनीही पिशवीत रोल घालून, एसटीने जाऊन, डोंगर चढून फोटो काढले. त्यांच्या स्लाइड आज माळ्यावर पडून आहेत. एका दिवंगत प्राध्यापकांच्या घरच्यांनी जागा रिकामी करताना स्लाइडचे ट्रे रद्दीवाल्याला दिले, हे आमच्या सभासदांना नंतर कळले.

म्हणून सर्वांत आधी आणि सर्वांत आग्रहाने आमची मागणी ही : वयोवृद्ध अभ्यासकांची यादी करावी आणि प्रत्येकाजवळ बसून फोटोंची माहिती लिहून घ्यावी. आमच्यासमोर एक स्लाइड आहे. पुठ्ठ्याच्या चौकटीवर बॉलपेनने लिहिलेय, ‘अजिंठा 17, व्हरांडा, डा. भिंत’. ‘डा.’ म्हणजे डावी. पण ती आत शिरताना डावी, की बाहेर पाहताना? त्या भिंतीवर भवचक्र आहे हे ज्याला ठाऊक, तोच छातीठोक सांगेल. तो माणूस गेला की स्लाइड राहते, तिची ओळख जाते. स्कॅनर दहा वर्षांनीही मिळेल, तो माणूस मिळणार नाही. म्हणून फोटो पाहत केलेली बातचीत ध्वनिमुद्रित करावी आणि चौकटीच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात.

जुन्या अ‍ॅसिटेट निगेटिव्हना आंबूस वास येऊ लागला की त्या कुजू लागल्या आहेत असे समजावे. कोकणातल्या दमट हवेत बुरशीही धरते. विभागीय ठिकाणी थंड, कोरडी खोली आणि प्रशिक्षित माणूस हवा. स्कॅन झाले म्हणून मूळ प्रती फेकू नयेत.

हक्कांचा प्रश्न टाळून चालणार नाही. स्वामित्वहक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे राहतो. लेखी परवानगी नसेल तर संस्थेला तो फोटो कोणाला दाखवायचीही भीती वाटते. यासाठी मराठीत सोपा करारनामा तयार करावा. त्यात अभ्यासकाचे नाव प्रत्येक फोटोखाली छापण्याची हमी असावी आणि विद्यार्थ्यांना विनाशुल्क वापर मिळावा. ज्या लेण्यांना पहारा नाही, त्यांतील सुट्या मूर्तींचे नेमके ठिकाण मात्र उघड करू नये.

विद्यापीठांनी पीएच.डी.च्या प्रबंधासोबत मूळ छायाचित्रे, तारीख व जागेच्या नोंदीसह, जमा करून घेण्याचा नियम करावा. याला फारसा खर्च येत नाही.

नोंदी लिहून घेण्यासाठी आमचे सभासद आपापल्या जिल्ह्यात विनामोबदला काम करतील. वर सांगितलेली यादी करण्याचे काम कोणत्या अधिकाऱ्याकडे सोपवले, एवढे तरी लेखी कळवावे आणि चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, कार्यवाह व सर्व सभासद