आवाज गाडीचा, आरोप इंधनावर

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. मूळ मुदत २०३० ची होती. या धोरणाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. मात्र वाहनधारकांच्या मनातील शंका त्याने मिटली नाही. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच जुनी गाडी खडखडू लागली की ‘नव्या पेट्रोलचा परिणाम’ असे निदान आता सर्रास केले जाते. घरटी वाहन असलेल्या आणि सार्वजनिक वाहतूक तोकडी असलेल्या गोव्यात हे निदान चुकले तर त्याची किंमत खिशालाच नव्हे, जिवालाही मोजावी लागू शकते.

वास्तविक, वेग वाढवताना इंजिनातून येणारी टकटक, म्हणजे ‘नॉकिंग’, इथेनॉलमुळे वाढण्याऐवजी कमी व्हायला हवी. सिलिंडरमधील इंधन वेळेपूर्वी किंवा अनियंत्रितपणे पेटले की हा आवाज येतो. त्याला रोखण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात. साध्या पेट्रोलचा हा अंक ९१ होता; २० टक्के मिश्रणासाठी तो किमान ९५ ठरवण्यात आला आहे. तरीही टकटक होत असेल, तर चढावर वरचा गिअर रेटत नेण्याची सवय, साचलेला कार्बन, सदोष स्पार्क प्लग किंवा तापलेले इंजिन ही कारणे आधी तपासावी लागतात.

याचा अर्थ इंधन सर्वस्वी निर्दोष आहे, असा नव्हे. इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते, त्यामुळे मायलेज घटते. काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. मालक जहाजावर किंवा आखातात नोकरीला आणि गाडी पावसाळाभर अंगणात उभी, हे चित्र गोव्याला नवे नाही. अशा गाडीच्या टाकीत पाणी शिरले, तर ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होऊ शकते. मग इंजिन अडखळते, धक्के देते. ही तक्रार खरी आहे. पण ती अडखळण्याची आहे, प्रत्येक आवाजाची नव्हे.

आवाजाचा उगम शोधण्याची पहिली पायरी सोपी आहे. गाडी मोकळ्या जागी उभी करून, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबावा. आवाज तेव्हाही वाढत असेल तर दोष इंजिन, बेल्ट किंवा सायलेन्सरच्या बाजूला असण्याची शक्यता अधिक. किंचाळल्यासारखा आवाज, विशेषतः पावसात, सैल वा झिजलेल्या बेल्टचा असतो. उभ्या गाडीत शांतता आणि धावताना आवाज असेल, तर चाकांकडे वळावे. वळण घेताना वेग वाढवल्यावर होणारी कटकट बहुधा अ‍ॅक्सलच्या जॉइंटची असते. त्यावरील रबरी आवरण फाटले की चिखल-पाणी आत शिरते. वेगाबरोबर वाढणारी आणि गिअर बदलला तरी न बदलणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची किंवा टायरची असते. गाडी सुटताना बसणारा ‘धप्प’ असा दणका इंजिनाचे माउंटिंग थकल्याचे सुचवतो.

दोन आवाजांच्या बाबतीत मात्र थांबणे नाही. आतून जड, खोल ठोका येऊ लागला किंवा ऑइलचा दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. दुसरा आवाज फाटक्या सायलेन्सरचा. किनाऱ्यावरील खारी हवा लोखंड लवकर खाते. गळती इंजिनाजवळ किंवा गाडीच्या तळाशी असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. पावसात काचा बंद असताना तो जीवघेणा ठरतो.

प्रश्न केवळ मालकाच्या कानाचा नाही. खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. तोवर तिची यांत्रिक तपासणी करून घेण्याची सक्ती नाही. प्रदूषण तपासणीत नळीच्या टोकाचा धूर मोजला जातो, बेअरिंग किंवा जॉइंट पाहिला जात नाही. साहजिकच सारी भिस्त मेकॅनिकवर येते. पण निदान न करता एकामागून एक सुटे भाग बदलण्याची पद्धत रूढ झाली आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू करून त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश केला; परंतु जुन्या मॉडेलचा कोणता रबरी भाग कधी बदलावा, हे मालकाला मराठीत वा कोकणीत सहज कळेल अशी सोय आजही दिसत नाही.

इंधनाचे धोरण बदलणाऱ्या सरकारने आणि गाड्या विकणाऱ्या कंपन्यांनी मॉडेलनिहाय स्पष्ट माहिती देणे, हे त्यांचे कर्तव्यच आहे. ग्राहकानेही बिलाआधी निदान लेखी मागावे, बदललेला जुना भाग परत घ्यावा. इंधनाच्या वादात राजकारण होत राहील. त्या गदारोळात फाटक्या सायलेन्सरचा किंवा झिजलेल्या बेअरिंगचा इशारा ऐकूच आला नाही, तर नुकसान कोणत्याही पक्षाचे होणार नाही. ते गाडीत बसलेल्या कुटुंबाचे होईल.